खापर आणि मनातले मांडे

(दृश्य : पडवीतली चूल, चुलीवर पालथं मातीचं खापर. काही क्षण फक्त जाळाचा आणि हातांचा आवाज.)

आखाजीची सकाळ. अजून आठच वाजलेत, पण अंगणातली माती आत्ताच अनवाणी पायाला चटका देतेय. खान्देशात, मुक्ताईनगर तालुक्यातलं हे माझं आजोळ. चुलीपुढे बसलीय ती माझ्या आईची काकू. आम्ही लहानथोर सगळे तिला जिजी म्हणतो.

जिजीच्या हाताकडे बघा. पोळपाट नाही, लाटणं नाही. पुरण भरलेला एक उंडा तिनं नुसता हातावर घेतलाय. या हातावरून त्या हातावर झुलवता झुलवता तो पसरत चाललाय. तळहातावर मावेना, तसा मनगटावर उतरला. आता कोपरापर्यंत आला. इतका पातळ, की आतलं पुरण पिवळं पिवळं दिसतंय आणि त्याच्या आडून जिजीच्या हिरव्या बांगड्याही. आणि मग एका झोक्यात तो खापरावर. सुरकुती नाही, भोक नाही.

हा मांडा. खापरावरची पुरणपोळी. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि आमरसासोबत हे मांडे खातात. सोबत रशी असते, कुरडई असते. पण मान मांड्याचा.

मराठी बोलणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी मांडे खाल्लेत. मनातले. पुण्यात, मुंबईत, नागपुरात, कुठंही जा, एखादा माणूस नुसत्याच मोठमोठ्या गोष्टी ठरवत बसला की आपण म्हणतो, ‘मनातले मांडे खाऊ नकोस.’ हे म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी खरा मांडा डोळ्यांनी पाहिलेला नसतो. मला ते फार लागतं. म्हण जिभेवर राहिली आणि ज्या चुलीवर ती जन्मली, ती चूल विसरली गेली. म्हणून हा सगळा खटाटोप. जिजीच्या पडवीत कॅमेरा लावलाय तो यासाठी.

मनातले मांडेच का? मनातले लाडू का नाहीत? जिजीपुढे तासभर बसलं की याचं उत्तर आपोआप मिळतं. लाडू कुणालाही वळता येतो. मांड्याला चांगला गहू लागतो, तो दळून, बारीक कापडातून चाळून काढलेलं सपीट लागतं, पुरण लागतं, तूप लागतं, खापर लागतं, आणि हे सगळं असूनही हात बसलेला नसेल तर काही उपयोग नाही. इतकं सगळं एका घरात, एका दिवशी जुळून येणं कठीण. ज्याला ते जुळत नाही, तो मनात खातो. म्हणीत चेष्टा आहे, पण तिच्या खाली भूकही आहे.

(दृश्य : तापीचं पात्र, पलीकडच्या काठावर उन्हातलं मंदिर.)

मांड्याची आणखी एक गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मुक्ताईला मांडे करायचे होते. खापर आणायला ती कुंभाराकडे निघाली. पण विसोबा चाटीनं कुंभारांना दम भरला होता, या संन्याशाच्या पोरांना खापर द्यायचं नाही. मुक्ताई रित्या हातानं परतली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगानं जठराग्नी चेतवला, पाठ तापवली, आणि बहिणीनं भावाच्या पाठीवर मांडे भाजले. हेच विसोबा पुढे शरण आले आणि विसोबा खेचर म्हणून संतमंडळींत मानानं गणले गेले.

ही कथा सांगताना सगळ्यांची नजर तापलेल्या पाठीवर जाते. माझी नजर दर वेळी त्या न मिळालेल्या खापरावर जाते. त्या पोरांना वाळीत टाकणाऱ्यांनी पीठ अडवलं नाही, गूळ अडवला नाही. अडवलं ते खापर. कारण तव्यावर मांडा होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. गोष्ट रचणाऱ्यालाही ठाऊक होतं.

आणि हीच मुक्ताई १२९७ मध्ये, वैशाख वद्यात, तापीच्या काठी मेहूण इथं विजेच्या लखलखाटात गुप्त झाली, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. जिथं तापी आणि पूर्णा मिळतात, तिथं चांगदेवांचं देऊळ. आमच्या तालुक्याच्या गावाला पूर्वी एदलाबाद म्हणत, आज मुक्ताईच्या नावानं मुक्ताईनगर. आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेची. म्हणजे या पडवीतली चूल विझते न विझते, तोच मुक्ताईच्या सोहळ्याला माणसं जमू लागतात. जिजीला विचारलं, हा मेळ कुणी जुळवला? ती म्हणाली, “जुयवायचं काय व माय, वैशाखच तिचा हाय.”

मांडे मात्र मुक्ताईच्याही आधीचे आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ साधारण ११३० चा. राजानं काय खावं, याचं त्यात एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यात ‘मंडक’ आहे. गहू धुवायचा, उन्हात वाळवायचा, दळायचा, चाळायचा. तूप-मीठ घालून मळायचा, गोळे करायचे, हातानं वाढवायचे आणि तापलेल्या खर्परावर टाकायचे. खर्पर म्हणजे आपलं खापर. जवळजवळ ९०० वर्षं झाली. राजाच्या मुदपाकखान्यातली ही रीत जिजीनं वाचलेली नाही. तिच्या सासूनं दाखवली, सासूला तिच्या सासूनं.

(दृश्य : परातीतली कणीक, अगदी जवळून. दोन बोटांत धरून ताणलेला तिचा पदर.)

आता या कणकेकडे या. हा पदर ताणतोय, पण फाटत नाही. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि मळलं की ती एकमेकांत गुंततात, त्यांचं जाळं तयार होतं. त्या जाळ्याला ग्लुटेन म्हणतात. ग्लुटेनिन ताण धरून ठेवतं, ग्लायडिन सैल सोडतं. लगेच लाटायला घेतलं तर कणीक आखडते, मागे येते. झाकून ठेवली की जाळं निवांत होतं. मिठानं ते आणखी घट्ट होतं. जिजी कणीक मिठाच्या पाण्यात भिजवते, तिंबते, आपटते, आणि मग पाण्याचा हात लावून मुरत ठेवते. मी घाई केली, तशी माझ्या हातावर चापट बसली. “तिला झोपू दे. उठली का सांगीन.”

सपीट चाळण्यालाही अर्थ आहे. कोंड्याचा एखादा कण राहिला तरी तो ताणलेल्या पदराला सुरीसारखा कापतो. भोक पडतं ते तिथंच.

आणि खापर पालथंच का? सपाट तव्यावर एवढा पसारा मावणार नाही, हे पहिलं कारण. दुसरं असं, की घुमटावर पडलेला पदर आपल्याच वजनानं चहूबाजूंनी खाली ओढला जातो, म्हणून सुरकुती पडत नाही. माती लोखंडासारखी झटकन तापत नाही. उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते. कागदाइतक्या पातळ पोळीला अशीच सोशिक आच लागते. लोखंडावर ती एका जागी जळेल आणि दुसऱ्या जागी कच्ची राहील.

मातीचा दोषही तोच. ती उष्णता पसरू देत नाही, म्हणून तापलेल्या खापरावर गार पाण्याचा शिंतोडा पडला की तेवढाच भाग आकसतो आणि खापर तडकतं. चुलीपाशी बसलेल्या पोरांना म्हणूनच पाण्याचा तांब्या घेऊन फिरू देत नाहीत.

या नदीकाठची माती घडवणारे हात जुने आहेत. तापीच्या खोऱ्यातल्या सावळदा या गावाच्या नावानं पुरातत्त्वात एक अख्खी संस्कृती ओळखली जाते. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची. तिथल्या मडक्यांवर मासे आहेत, पक्षी आहेत, बाण आहेत.

(दृश्य : हिवाळ्यातलं शेत, रात्र. पऱ्हाटीचा जाळ. त्यात वांगी.)

हे चित्रण माघातलं, आम्ही आधी करून ठेवलेलं. कारण खान्देशाचं नाव घेतल्यावर भरीत दाखवलं नाही, तर माझ्याच गावात मला कुणी उभं करणार नाही. कापूस वेचून झाला, की उरलेल्या वाळक्या पऱ्हाट्या हेच सरपण. भांडं नाही, तवा नाही, वांगं थेट जाळात. ही वांगी जांभळी नाहीत. पोपटी, पांढऱ्या रेषांची, हातभर जाडजूड आणि बी कमी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं.

आणि इथं दुसरी म्हण भेटते. वड्याचं तेल वांग्यावर. एकाचा राग दुसऱ्यावर. पण बिचारं वांगंच का? मला वाटतं, ज्या बाईनं ही म्हण पहिल्यांदा काढली, तिनं वांगं तळलेलं होतं. वांग्याचा गर म्हणजे स्पंज. आत हवाच हवा. कढईत टाकलं की हवेच्या जागी तेल शिरतं, जितकं घालाल तितकं पितं. वड्यासाठी काढून ठेवलेलं सगळं तेल मुकाट जिरवून घेईल, अशी भाजी दुसरी नाही. राग जिरवून घेणारं माणूस घरात जसं एखादंच असतं, तसंच हे.

विस्तवात मात्र उलट होतं. साल करपते, आतल्या पाण्याची वाफ होते, गर त्या वाफेत शिजतो, पेशींच्या भिंती ढासळतात आणि सगळी हवा निघून जाते. स्पंज बसतो. मग तो तेल पीत नाही. म्हणून भरितावर सोडलेलं तेल वर तरंगतं, चकाकतं. साल काढून गर लाकडी बडगीत ठेचतात. त्यात पातीचा कांदा, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर.

वांगं मूळचं आपल्या बाजूचंच. संस्कृतात वातिंगण. ते इराणात बादिंगान झालं, अरबीत बादिंजान, पोर्तुगीजांकडे बेरिंजेला, आणि तिथून वळसा घालून इंग्रजांच्या तोंडी ब्रिंजल होऊन परत आपल्या बाजारात आलं. त्या पोर्तुगीजांच्याच जहाजांतून अमेरिकेची मिरची आणि भुईमूग इकडे आले. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. म्हणजे मुक्ताईच्या काळात भरीत असेल, तर त्यात ना मिरची, ना शेंगदाणा. तिखटाला तेव्हा मिरी होती, मरिच. नव्या तिखटाला आपण जुन्याचंच नाव जोडलं. आज नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचे गालिचे पसरलेले दिसतात, तेव्हा ती पाहुणी आहे हे खरंसुद्धा वाटत नाही.

भरितासोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ म्हणजे कळणा. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून तिचा मांडा कधीच होणार नाही. उडदाचा चिकटपणा तिला सांधून धरतो. आणि ज्वारीत लायसिन कमी, ते उडदात आहे. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारीत. शेतात राबणाऱ्या माणसाला एका भाकरीत दोन्ही.

(दृश्य : पुन्हा पडवी. ऊन वर आलेलं.)

एकोणतीस मांडे झाले. जिजीनं शेवटचा उंडा माझ्या हातात दिला. मी झुलवला. मनगटापर्यंत आला, आणि अंगठ्यापाशी फाटला. पुरण चुलीत सांडलं, गूळ जळल्याचा वास सुटला. जिजी काही बोलली नाही. फाटलेला मांडा तिनं तसाच खापरावर पसरला, हलक्या हातानं शेकला, रुमालासारखा घडी घातला आणि त्यावर तूप सोडून माझ्याच ताटात वाढला.

खापराखालचा जाळ ओढून घेतला. खापर मात्र तिथंच राहिलं, आपोआप निवेपर्यंत. कुणी हात लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी मी निघाले. जिजीनं दुसरं, कोरं खापर काढलं. मुद्दाम कुंभाराला सांगून घडवून घेतलेलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलं, वरून गोधडी बांधली. एसटीत माणूस सामान वर ठेव म्हणाला. मी नाही ठेवलं. जळगाव येईपर्यंत ते मांडीवरच होतं.