उजव्या कोपऱ्यातला ठिपका

नमस्कार श्रोतेहो.

सिनेमाला जाण्याच्या आठवणींवर बोलायचं ठरलं, तेव्हा मी चटकन हो म्हणून टाकलं. मग कागद-पेन घेऊन बसलो आणि घोटाळा ध्यानात आला. मला सिनेमे आठवतच नाहीत. म्हणजे, शेकड्यांनी पाहिले असतील. पण कुणाचं लग्न कुणाशी झालं, खून शेवटी कुणी केला होता, विचारू नका. माझी बायको संवादांसकट अख्खा सिनेमा सांगते. मला आठवतो तो अंधार. मखमली खुर्ची मुडपून बसल्यावर गुडघ्यामागे टोचणारी तिची कड. डोअरकीपरच्या टॉर्चचा जमिनीवर पडलेला पिवळा गोल, आणि त्या गोलामागून लोकांच्या पायांवर पाय देत जाणारे आम्ही. बाबांना उशीर होणार हे ठरलेलंच असे. सुरुवात चुकली की ते खुशाल शेजारच्या अनोळखी माणसाला विचारत, "आतापर्यंत काय झालं हो?" आणि तोही सांगे.

आणि आठवतो तो डोक्यावरून जाणारा उजेडाचा पट्टा. मी लहानपणी सिनेमा अर्धा पडद्याकडे बघत आणि अर्धा मागे वळून बघत पाहिला आहे. मागच्या भिंतीत उंचावर एक चौकोनी झरोका, त्यातून निघालेला तो पट्टा, त्यात तरंगणारी धूळ. सगळे जण पुढे बघताहेत आणि खरी गंमत मागे चाललीय, अशी माझी पक्की समजूत होती. बाबा माझं डोकं दोन्ही हातांनी धरून पुढे फिरवत. थोड्या वेळाने ते पुन्हा मागे.

शेवटी बाबांनीच हात टेकले. तिथले ऑपरेटर त्यांचे शाळेतले दोस्त निघाले. "घेऊन जा बाबा याला एकदा वर," असं म्हणून त्यांनी मला काकांच्या स्वाधीन केलं आणि स्वतः खाली जाऊन निवांत सिनेमा पाहिला.

ती केबिन म्हणजे एक तापलेली, खडखडणारी खोली. खाली लोक ज्याला उजेडाचा पट्टा म्हणतात, तो इथे दोन कांड्यांच्या मधल्या जाळातून निघत होता. कार्बनच्या कांड्या, पेन्सिलीएवढ्या. त्यांची टोकं एकमेकांजवळ आणली की मधल्या फटीत वीज भडकते, आणि तो उजेड इतका प्रखर की काळ्या काचेतूनच बघायचा. कांड्या जळत जळत आखूड होतात, फट वाढते, पडद्यावरचं चित्र मंदावतं. म्हणून काका मधूनमधून एक चक्री किंचित फिरवत. खाली नायिका रडत असायची आणि वर काका कांड्या पुढे सरकवत असायचे. धूर जायला मशीनच्या डोक्यावर धुराडं. झरोक्यांवर लोखंडी झडपा टांगलेल्या, आग लागलीच तर धाडकन खाली पडणाऱ्या. जुन्या नायट्रेटच्या फिल्मी पाण्यात बुडवल्या तरी जळत राहतात, असं काकांनी सांगितलं तेव्हा मला ती थाप वाटली होती. ती थाप नाही. नायट्रेटची फिल्म बनणं 1950 च्या सुमारास थांबलं, पण झडपा तशाच टांगलेल्या होत्या.

मशीन दोन होती. हे मला फार अन्यायकारक वाटलं, कारण एक नुसतंच उभं होतं. मग कळलं की एका रिळात साधारण 2000 फूट फिल्म मावते, आणि ती 20-22 मिनिटांत संपते. दोन तासांचा सिनेमा म्हणजे सहा-सात रिळं. सगळी फिल्म सरळ पसरली तर तीन किलोमीटरच्या वर जाईल. पहिल्या मशीनवरचं रीळ संपत आलं की दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ लावून तयार ठेवायचं आणि नेमक्या क्षणी उडी मारायची. ती उडी खाली कुणाला कळता कामा नये. कळली, तर शिट्ट्या.

तो नेमका क्षण कळतो कसा? काकांनी मला स्टुलावर उभं केलं आणि झरोक्यातून पडद्याचा उजवा वरचा कोपरा दाखवला. "तिथे बघत राहा. हलू नकोस." मी बघत राहिलो. पडद्यावर कोण काय बोलत होतं, देव जाणे. आणि एकदम तिथे एक ठिपका लुकलुकला. काकांनी दुसऱ्या मशीनची मोटर सुरू केली. मग मनात मोजायचं, सातएक सेकंद. पुन्हा ठिपका. खटकन पायाखालची कळ दाबली, एका मशीनची झडप मिटली, दुसऱ्याची उघडली. खाली चारशे माणसं बसली होती, एकालाही पत्ता नाही.

तो ठिपका फक्त चार चित्रांवर असतो. सेकंदाला 24 चित्रं, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. आयुष्यभर सिनेमे बघणाऱ्यांनाही तो दिसत नाही, कारण कुणी दाखवलेला नसतो. एकदा दाखवला की मात्र तुम्ही गेलात कामातून. पुढे मी पाहिलेल्या प्रत्येक सिनेमात दर वीस मिनिटांनी माझी नजर आपोआप कोपऱ्यात जायची. रुंद पडद्याच्या सिनेमात तो ठिपका लांबट, अंड्यासारखा दिसतो, कारण फिल्मवर आडवं दाबून बसवलेलं चित्र भिंग पसरवतं आणि चित्राबरोबर ठिपकाही पसरतो. असलं ज्ञान माझ्या पोटात मावत नसे. ऐन रंगात आलेल्या प्रसंगी मी बाबांना कोपराने ढोसून म्हणायचो, "बाबा, आता रीळ बदलणार." बाबा चिडायचे. "गप्प बस. मला नको सांगूस. मला सिनेमा बघू दे." त्यांचं बरोबरच होतं. पण मी थोडाच ऐकणार.

केबिनमधली माझी आवडती जागा मात्र मशीनजवळची नव्हती. कोपऱ्यात एक टेबल होतं, त्यावर संपलेलं रीळ हाताने उलटं गुंडाळायचं. काका एका हाताने दांडा फिरवत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीत फिल्मची कड धरून ती सरसर सरकू देत. बघत नसत. गप्पा चालू. मध्येच हात थांबायचा. तिथे कडेचं एखादं भोक फाटलेलं असायचं, बोटांना कळायचं. मग कात्री. फाटलेला तुकडा कापायचा, टोक ब्लेडने खरवडायचं, ब्रशने सिमेंटचा, म्हणजे फिल्म चिकटवायच्या पातळ द्रवाचा, थेंब लावायचा, दाबून धरायचं. त्या सिमेंटचा वास नाकात जायचा. आजही नेलपॉलिश काढायचं द्रव घरात कुणी उघडलं की मी थेट त्या टेबलाशी जाऊन उभा राहतो.

असा कापलेला एक तुकडा काकांनी मला दिला. पाच चित्रं. कुणा बाईचा चेहरा, जवळून घेतलेला. मी तो कंपासपेटीत ठेवला आणि खिडकीशी धरून दिवसचे दिवस बघितला. पाचही चित्रं अगदी सारखी. मला फसवलं गेल्यासारखं वाटलं. मग मोठ्या भावाचं भिंग मिळालं. तिसऱ्या चित्रात डावी पापणी किंचित खाली होती. चौथ्यात आणखी थोडी. पाचव्यात डोळा अर्धा मिटलेला. ती बाई डोळा मिटत होती आणि त्याच क्षणी काकांची कात्री पडली होती. त्या चित्रपटगृहात पुढे ज्यांनी तो सिनेमा पाहिला, त्यांच्यासाठी तिचा तेवढा सेकंदाचा पाचवा हिस्सा नव्हताच. तो माझ्या कंपासपेटीत होता.

फिल्मच्या कडेला एक नागमोडी पांढरी रेघ होती. हा आवाज, असं काकांनी सांगितलं. आणि वर हेही, की चित्राशेजारचा आवाज त्या चित्राचा नसतोच, तो 20-एक चित्रं पुढचा असतो. चित्राला भिंगासमोर दर वेळी थांबावं लागतं, झटका, थांबा, झटका, थांबा. आवाजाला थांबून चालत नाही. म्हणून आवाज वाचायची जागा खाली, जिथे फिल्म सुरळीत धावते. आता तुम्ही रेडिओ ऐकणारी मंडळी, म्हणून एक सांगतो. मूकपटांच्या काळात मशीन हाताने फिरवत, सेकंदाला कधी 16 चित्रं, कधी 20, डोळ्यांनी ते चालवून घेतलं. 1920 च्या दशकाच्या शेवटी सिनेमा बोलू लागला आणि वेग 24 ला बांधावा लागला, कारण वेग जरा हलला की आवाज चिरका होतो आणि कान लगेच पकडतो. डोळा भोळा, कान खट.

डोळा किती भोळा, ते काकांनी शेवटी सांगितलं. फिल्म एका चित्रावरून पुढच्यावर सरकते तेव्हा एक फिरती पाती उजेड अडवते, नाहीतर पडद्यावर सगळं फरफटलेलं दिसेल. चित्र थांबलेलं असतानाही ती आणखी एकदा मध्ये येते, म्हणजे लुकलुक जाणवत नाही. "म्हणजे," काका म्हणाले, "ही खालची माणसं जवळजवळ निम्मा वेळ काळोखाकडे बघताहेत." हे मी घरी सांगितलं. आई म्हणाली, मग तिकीटही निम्मं हवं.

एकदा त्यांनी मला पडद्यामागेही नेलं. पडद्याला बारीक भोकं असतात, हे तिथे हात लावल्यावर कळलं. मागे माझ्यापेक्षा उंच स्पीकर, त्यांचा आवाज बाहेर जावा म्हणून ती चाळणी. मागूनही सिनेमा दिसत होता, फिकट आणि उलटा. डावरा झालेला नायक उलट्या अक्षरांच्या पाटीखालून चालत गेला. आवाज छातीत बसत होता. भोकांतून पलीकडे उजळलेले चेहरे दिसत होते, शेकडो, सगळे माझ्याकडे बघणारे आणि कुणालाच मी न दिसणारा. तिसऱ्या ओळीत बाबा होते. तोंड उघडं. बाबांचा तसा चेहरा मी घरी कधी पाहिला नव्हता, आणि आपण चोरून काहीतरी बघतोय असं वाटून मी मान फिरवली.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. कांड्या जाऊन झेनॉनचे दिवे आले, मग रिळंच गेली. आता सिनेमा डब्यांतून येत नाही, हार्डडिस्कवरून किंवा थेट उपग्रहावरून येतो. केबिनमध्ये बरेचदा कुणी नसतंच. चित्र लखलखीत असतं, फिल्म जळत नाही. पूर्वी फिल्म भिंगासमोर अडकली की पडद्यावर नायकाच्या कपाळावर एक तपकिरी फोड यायची, ती फुगत फुगत अख्खं चित्र खाऊन टाकायची आणि मागे नुसता पांढरा उजेड उरायचा. ते दृश्य कुठल्याही दिग्दर्शकाला जमलं नसतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण ते परत यावं असं मी म्हणणार नाही. काकांना त्या धुराने खोकला जडला होता.

दोन वर्षांपूर्वी एक जुना सिनेमा पुन्हा लागला. बाबांच्या तरुणपणीचा. त्यांना आता कमी ऐकू येतं, पायऱ्यांना हात धरावा लागतो. आम्ही नेहमीप्रमाणे उशिरा पोहोचलो. शेजारच्या माणसाला त्यांनी विचारलं, "आतापर्यंत काय झालं हो?" तो माणूस चकितच झाला. मग त्याने सांगितलं, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन.

वीसेक मिनिटं गेली असतील. माझ्या बरगडीत कोपर बसलं. मी वळून पाहिलं तर बाबा पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. मी बघेपर्यंत पहिला ठिपका गेला होता. जुन्या प्रतीवरून सिनेमा जसाच्या तसा उतरवून घेतला होता, ठिपक्यांसकट. बाबांचं बोट हवेत तसंच होतं आणि ओठ हलत होते. मोजत होते. सातावर ठिपका लुकलुकला.

"बदललं का रे रीळ?" त्यांनी विचारलं. कमी ऐकू येणारी माणसं विचारतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी मागे वळून झरोक्याकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

"बदललं, बाबा," मी म्हटलं.