मनोविश्लेषण मागे का पडले?

नमस्कार. मनोविश्लेषण म्हणजे मनाच्या तळाशी दडलेले संघर्ष बोलण्यातून उकलू पाहणारी फ्रॉइड यांची उपचारपद्धती. तिची सद्दी संपवणाऱ्या सीबीटीचा, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचाराचा, पाया एका मनोविश्लेषकानेच घातला. फिलाडेल्फियातील मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांना, नैराश्य म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग, हे फ्रॉइडप्रणीत मत पुराव्याने सिद्ध करायचे होते. त्यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली. पण त्यांत रागाऐवजी पराभव, नकार आणि हानी हेच पुन्हा पुन्हा दिसले, म्हणजे रुग्ण जागेपणी स्वतःविषयी जे बोलत होते तेच. तेव्हा मनाच्या तळाशी उतरण्याऐवजी, ‘मला काहीच जमणार नाही’ यासारखे आपोआप उमटणारे विचार रुग्णासोबत पडताळून पाहण्याची पद्धत त्यांनी १९६०च्या दशकात उभी केली. न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट एलिसही मनोविश्लेषण सोडून १९५५च्या सुमारास जवळपास याच वाटेला लागले होते. त्यांची विवेकनिष्ठ पद्धती मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित आहे.

मात्र केवळ विचार सरस होता म्हणून सीबीटी पुढे गेला असे मला वाटत नाही. औषध खरोखर गुणकारी आहे हे चाचण्यांनी दाखवणे अमेरिकेत १९६२च्या कायद्याने बंधनकारक झाले आणि पुढे तोच प्रश्न बोलण्यातून होणाऱ्या उपचारांनाही विचारला जाऊ लागला. आठवड्यातून चार-पाच वेळा, वर्षानुवर्षे चालणाऱ्या आणि प्रत्येक रुग्णागणिक वेगळे वळण घेणाऱ्या मनोविश्लेषणाला अशा चाचणीत बसवणे अवघड होते. बेक यांच्याकडे मात्र नैराश्य मोजणारी २१ प्रश्नांची मापनश्रेणी १९६१पासूनच होती, उपचारांची मुदत ठरलेली होती आणि १९७९मध्ये तर सविस्तर मार्गदर्शक ग्रंथही आला. १९७७मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत त्यांच्या उपचाराने इमिप्रामिन या प्रस्थापित औषधापेक्षा अधिक सुधारणा दाखवली. रुग्ण अवघे ४१ होते, तरीही बोलण्याचा उपचार औषधाशी आकड्यांत तोलता येतो, हे त्यातून दिसले.

१९८०मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानसूचीची तिसरी आवृत्ती काढताना सुप्त संघर्षांवर आधारलेली स्पष्टीकरणे बाजूला सारून लक्षणांवर भर दिला, आणि मनोविश्लेषकांच्या हातातील अधिकृत परिभाषाच गेली. मनोविश्लेषणातून निघालेल्या अल्पकालीन उपचारांच्याही पुढे चाचण्या झाल्या आणि अनेकदा त्यांचे निकाल सीबीटीच्या तोडीचे आले. परंतु इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००८मध्ये हजारो नवे उपचारक घडवण्याची योजना सुरू केली, तेव्हा प्रशिक्षणाचा मुख्य भर सीबीटीवरच ठेवला.