पुष्पकला छप्पर मिळालं

हा आवाज ऐका. टक... टक... टक... आणि आता हा. ठप्प. जरासा बसका.

काका तिथेच थांबतात. हातोडी खाली ठेवतात, खिशातून खडू काढतात आणि त्या नळीवर एक गोल काढतात. "आतून गेलीय," एवढंच म्हणतात. वरून बघाल तर रंग अगदी शाबूत. पण काकांनी अणकुचीदार टोचा टेकवून जरा जोर दिला आणि टोक थेट आत शिरलं, जसं ओल्या पुठ्ठ्यात शिरावं तसं.

ही एका विमानाची शेपटीकडची, सगळ्यात खालची नळी. हे विमान जमिनीवर असताना शेपटी टेकवून बसतं, त्यामुळे आत शिरलेला ओलावा वर्षानुवर्षं तिथेच साचत जातो आणि पोलाद आतून खात राहतो. आणि आपण तर मुंबईत आहोत, इथे घरातल्या कपाटाच्या बिजागऱ्याही गंजतात.

विमानाचं नाव पुष्पक. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं. शेजारी शेजारी दोन सीट, डोक्यावर पंख, ९० हॉर्सपॉवरचं इंजिन, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि वर चक्क कापड. १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं, पुढे अशी दीडशेच्या आसपास बनली आणि देशभरातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये गेली. म्हणजे पुढे ज्यांनी मोठमोठी जेट चालवली त्यातल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा जमीन सोडली ती अशाच कापडी विमानातून.

आणि हे कोणी डिझाइन केलं माहितीये? विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातलं हसूरचंपू हे त्यांचं गाव. तिथून निघालेला हा माणूस जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकला. प्रांटल म्हणजे ज्यांच्या बाउंडरी लेअरच्या, म्हणजे पृष्ठभागाला लागून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराच्या, सिद्धांतावर आजही विमानाचे पंख समजून घेतले जातात ते. शिकून घाटगे परत आले आणि भारतात विमानं बनवायला लागले. वैमानिकांच्या प्रशिक्षणाचं एचटी-२ त्यांचं, पुष्पक त्यांचं, लष्कराच्या टेहळणीसाठीचं कृषक त्यांचं, किरण जेट ट्रेनरसुद्धा त्यांचंच. आपल्याकडे किती घरांत हे नाव माहीत आहे? मला स्वतःला या मंडळींना भेटेपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्याचं अजून वाईट वाटतं.

तर ही मंडळी. नऊ जण आहेत. तिघं रिटायर्ड एअरक्राफ्ट टेक्निशियन, एक बेस्टमध्ये वेल्डिंग केलेले, एक कॉलेजची मुलगी जी एरोनॉटिकल शिकतेय, बाकीचे असेच विमानवेडे. पगार कोणालाच नाही. दर रविवारी डबा घेऊन येतात. त्यांच्याकडे हे एक पुष्पक, एचटी-२ चा एक रडर (शेपटीवरचं, विमान वळवायचं पातं), दोन जुनी पिस्टन इंजिनं, लाकडी प्रोपेलर आणि पत्र्याच्या ट्रंकेत जुने डायल, होकायंत्रं, इंजिनात ठिणगी पाडणारे मॅग्नेटो. एवढाच संसार. पण तो ठेवायला जागा कुठे होती?

अकरा वर्षं हे सगळं पश्चिम उपनगरातल्या एका गोडाऊनमध्ये होतं, समुद्र चालत दहा मिनिटांवर. पत्रे गळायचे, म्हणून जूनच्या आधी सगळ्यांनी मिळून वर ताडपत्री टाकायची, आणि पहिल्याच वादळी पावसात ती उडाली की परत टाकायची. मग मालकांना जागा हवी झाली. त्यांचंही चूक नाही, त्यांनी इतकी वर्षं सांभाळून घेतलं होतं. चार महिन्यांची मुदत मिळाली.

खरं तर या शहरात विमानांना पावसाने हुसकावणं हे नवीन नाही. जुहूचं विमानतळ १९२८ चं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादला थांबून, पस मॉथ विमानाने इथेच उतरले, आपल्या हवाई वाहतुकीची सुरुवात ती. पण पावसाळा आला की जुहूच्या त्या सखल जमिनीवर पाणी भरायचं, आणि टाटांची विमानसेवा बिऱ्हाड उचलून पुण्याला जायची.

आणि एक जखम या सगळ्यांच्या बोलण्यात सतत येते. विक्रांत, आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. १९९७ ला निवृत्त झाली, मग मुंबईत तिचं संग्रहालय झालं, शाळांच्या सहली जायच्या, आतल्या हँगरमध्ये उभी असलेली नौदलाची विमानं पोरं डोळे फाडून बघायची. २०१२ ला ते बंद झालं. २०१४ मध्ये दारूखान्याला तिचे तुकडे पडायला सुरुवात झाली. काका म्हणतात, "विक्रांतएवढ्या बोटीला ठेवून घेता आलं नाही, तर आपल्या कापडाच्या विमानाला कोण विचारतंय, असंच वाटायचं."

विचारलं एकाने. मुलुंडला एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड आहे, मालक जुने इंजिनिअर, त्यांनी पाच वर्षांसाठी दिली. भाडं नाही, विजेचं बिल तेवढं भरायचं. समुद्र लांब, खारी हवा कमी. छत उंच. फक्त आत गुडघाभर भंगार आणि कबुतरं. कबुतरांची विष्ठा साधी गोष्ट नाही हं, ती ॲल्युमिनियम खाते, शिवाय फुफ्फुसांनाही वाईट. पाच रविवार फक्त झाडलोट, मास्क लावून, आधी पाणी मारायचं आणि मगच खरवडायचं. मग जाळ्या लावल्या.

मग हलवाहलव. पंख सुमारे ३६ फूट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून आधी दोन्ही बाजूंचे पंख काढले, प्रत्येक बोल्ट डबीत, डबीवर नाव. आणि टेम्पोत पंखांखाली काय घालायचं? फोम महाग. तर सगळ्यांनी घरातून गोधड्या आणल्या. आजीच्या, आत्याच्या, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, त्यात गुंडाळून पुष्पकचे पंख रात्री अकरानंतर हायवेने, मग लिंक रोडने पवईवरून एलबीएस रोडला लागून मुलुंडला निघाले. टेम्पो ताशी वीसच्या वर गेलाच नाही. मागे दोन बाईक, हॅझर्ड लाइट चालू. पवईला एका चहावाल्याने विचारलं, काय आहे आत? काका म्हणाले, विमान. त्याने पैसे घेतले नाहीत.

आता हे बघा, हे माझं सगळ्यात आवडतं दृश्य. या मावशी लालबागच्या. आयुष्यभर साड्यांना फॉल-पिको केलं. विमानाच्या पंखाचं कापड नुसतं चिकटवून भागत नाही, वरची हवा ते ओढून काढेल, म्हणून आतल्या प्रत्येक रिबला, म्हणजे पंखाच्या फासळीला, ते मेणाच्या दोऱ्याने शिवतात, लांब सुई या बाजूने घालायची, त्या बाजूने काढायची, आणि प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. हे विमान आता उडणार नाही. तरी मावशींनी ती गाठ जुन्या टेक्निशियनकडून नीट शिकून घेतली आणि सत्तावीस टाके उसवले, कारण ताण सारखा आला नव्हता. "उडो नाहीतर न उडो, टाका टाकाच असतो," त्या म्हणाल्या. मग वर डोपचे हात, एकेक वाळवून. डोप म्हणजे एक प्रकारचं लॅकर, वाळताना कापड आवळून घेतं, इतकं की बोटाने वाजवलं तर डफासारखं वाजतं. वास नेलपॉलिशसारखा, म्हणून दारं उघडी आणि सिगरेट, काडीपेटी बाहेर, कारण ते भयंकर पेट घेतं.

आणि ती गंजलेली नळी? तेवढा तुकडा कापून बेस्टवाल्या काकांनी नवा जोडला. मग बारीक भोक पाडून आत जवसाचं तेल ओतलं, विमान उलटंपालटं कलवून ते सगळीकडे फिरवलं, उरलेलं काढून घेतलं आणि भोक बंद केलं. जुनी पद्धत आहे, तेलाचा पातळ थर आतून बसतो आणि गंज धरत नाही.

जूनमध्ये पंख परत बसले. त्याच आठवड्यात रात्री पहिला मोठा पाऊस आला. ग्रुपवर कोणीच मेसेज टाकला नव्हता, पण साडेअकराला शेडपाशी नऊपैकी सात जण हजर, कोणी लोकलने, कोणी रिक्षाने, मावशी मुलाच्या स्कूटरवर मागे बसून. कुलूप उघडलं. पत्र्यावर एवढा आवाज की बोललेलं ऐकू येईना. सगळ्यांनी मोबाईलचे टॉर्च वर धरले आणि छताचा एकेक जोड बघत फिरले. पंखांवर हात फिरवला. कोरडे. जमीन कोरडी.

काकांनी एक प्लास्टिकची खुर्ची आणली, डाव्या पंखाखाली ठेवली, आणि पाऊस थांबेपर्यंत तिथेच बसून राहिले.