होन्नीहाळच्या रानात टेकलेलं विमान

(दृश्य: शेतात बसलेलं विमान, भोवती गर्दी)

हे होन्नीहाळचं रान, बेळगावपासून जवळच. तारीख 30 मे 2023, मंगळवार. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडालेल्या या दोन आसनी शिकाऊ विमानात बिघाड झाला आणि ते धावपट्टीऐवजी इथं उतरलं. विमान पडल्याची हाळी गेली तसा गाव धावत आला. आतले दोघं, शिकवणारा आणि शिकणारा, वाचले.

(दृश्य: ड्रोनमधून धावपट्टी आणि शिवार)

ही सांबऱ्याची धावपट्टी, 2300 मीटर. हा तळ 1942 साली ब्रिटिश हवाई दलानं उभारला, ब्रह्मदेशची आघाडी पेटली होती तेव्हा. आणि पट्टीच्या कडेनं लांबवर दिसतंय ते शिवार. नकाशात ती ‘मोकळी जागा’ असते. मालकाला विचारा, तो सोयाबीन-जोंधळ्याचा हिशेब मांडेल.

इंजिन बंद पडलं म्हणून छोटं विमान धोंड्यासारखं खाली येत नाही, तरंगत येतं. हजार फुटांवरून साधारण अडीच-तीन किलोमीटर जाता येतं, हाताशी वेळ दीडेक मिनिट. तेवढ्यात नाक खाली ठेवून वेग सांभाळायचा, रान हेरायचं, वारा समोरून घ्यायचा, इंधन बंद करायचं. टेकायच्या आधी दाराची कडी काढून ठेवायची. सांगाडा वाकला तर दार अडकतं. मागं वळून धावपट्टी गाठायचा मोह सगळ्यात वाईट. कमी उंचीवर वळताना वेग गेला की विमान कलंडतं आणि सावरायला खाली जागाच उरत नाही. टेकताना मात्र वेग जेवढा कमी तेवढं बरं: वेग निम्मा झाला की धडकेचा जोर चौथाईवर येतो.

हे सगळं जमलं तरी खाली रान हवं. खांब, तारा, विहीर, घर नसलेलं. मे अखेरीस पेरणी व्हायची असते, शिवार रिकामं असतं. जुलैत इथंच चिखल.

होन्नीहाळला उतरलेल्या त्या दोघांना किरकोळ जखमा झाल्या, तपासणीसाठी रुग्णालयात नेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामतीकडं चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली, तिथंही माणसं वाचली.

(दृश्य: रोवलेले सिमेंटचे खुंट, प्लॉटचा फलक)

आता याच पट्ट्यातला हा तुकडा बघा. गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट पडलेत, विजेचे खांब आलेत. विमानतळ जवळ म्हणून भाव चढा आहे. सांबऱ्याहून शिकाऊ विमानं याच शिवारावरून घिरट्या घालतात.