दोन डबे आणि तीन खडे

नमस्कार, श्रोतेहो. दूध पावडरीचा एक मोठा रिकामा डबा, रसगुल्ल्यांचा एक किलोचा रिकामा डबा, खिळा, हातोडी आणि पत्रा कापायची कातरी एवढे साहित्य हाताशी असेल, तर रविवारच्या एका दुपारी सहलीला नेण्याजोगी लाकडाची चूल तयार होते. आजचे माझे बोलणे त्याच चुलीविषयी आहे.

मोठा डबा उपडा ठेवावा, म्हणजे त्याचे उघडे तोंड जमिनीकडे जाईल आणि बूड वर येईल. या बुडात असे गोल भोक कापावे, की लहान डबा त्यातून आत उतरेल, पण त्याचा काठ वर अडकून राहील. लहान डब्याच्या बुडाला बंबाच्या जाळीसारखी वीस-पंचवीस बारीक भोके पाडावीत, त्याच डब्याला काठाखाली दोन सेंटिमीटरवर भोवताली आणखी अठरा-वीस भोके पाडावीत, आणि मोठ्या डब्याला जमिनीलगत, बोट जाईल एवढी, दहा-बारा भोके पाडावीत. डबा चेपू नये म्हणून आत लाकडाचा ठोकळा धरून मगच खिळा ठोकावा, आणि कातरलेल्या कडा कानशीने घासाव्यात, कारण पत्र्याने कापलेले बोट आठ दिवस जेवताना आठवण करून देते. दोन डब्यांच्या भिंतींमध्ये बोटभर आणि लहान डब्याच्या बुडाखाली दोन बोटे जागा मोकळी राहिलीच पाहिजे. पुन्हा सांगतो, ही जागा मोकळी राहिलीच पाहिजे, कारण चूल चालते ती त्या जागेतून फिरणाऱ्या हवेवर.

खालून शिरलेली थोडी हवा जाळीतून लाकडाला मिळते, आणि उरलेली दोन भिंतींमधून वर चढताना तापून वरच्या भोकांतून आत येते. धूर म्हणजे लाकडातून निघालेला, पण न जळालेला वायूच असतो. त्याला वर ही तापलेली हवा भेटली की तो तेथेच पेट घेतो, आणि गॅसच्या शेगडीसारखे ज्वाळांचे कडे दिसू लागते. म्हणून काटक्या वरच्या भोकांच्या खालीपर्यंतच भराव्यात आणि आग वरून लावावी. वरची भोके झाकायची नाहीत, आणि आग खालून नव्हे, वरून लावायची.

हे सारे पाठ असूनही माझी पहिली चूल फजितीची ठरली, ती हकिकत मला सांगितल्यावाचून राहवत नाही. डिसेंबर महिना होता. राजगडाहून उतरून आम्ही पाच जण पायथ्याच्या एका गावात एका मावशींच्या अंगणात मुक्कामाला होतो, आणि दोन रविवार खर्चून केलेली ती चूल मी वर्तमानपत्रात गुंडाळून, नव्या नवरीसारखी जपत आणली होती. मावशींनी आतून चहाचे विचारले, तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, की आज चहा आम्हीच करणार आणि धुराविना करणार. काटक्या भरल्या, वरून पेटवल्या, आणि दोन-तीन मिनिटांत भोकांतून खरोखरच ज्वाळांचे कडे उमटले. मित्रांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग मी पातेले उचलले आणि थेट डब्याच्या तोंडावर ठेवले. पातेल्याचे बूड डब्याच्या तोंडावर झाकणासारखे बसले, ज्वाळा गुदमरून विझल्या, आणि खालच्या भोकांतून असा दाट पिवळा धूर निघाला, की गोठ्यातल्या गाईने दावे ताणले आणि मावशींचा नातू खोकत घरात पळाला. मी पातेले उचलले की जाळ, ठेवले की धूर. असे चार-पाच वेळा झाले. एक मित्र म्हणाला, की लाकूड ओले असेल; दुसऱ्याचे मत पडले, की भोके कमी आहेत; मी वाकून फुंकर घातली आणि भुवया होरपळून घेतल्या.

मावशी तोवर पडवीच्या खांबाला टेकून सगळे पाहत होत्या. त्या उतरून आल्या, अंगणातले सुपारीएवढे तीन खडे त्यांनी वेचले, आणि म्हणाल्या, “अवो दादा, ह्या चुलीला थानं कुठं हायेत?” मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. घराघरातल्या मातीच्या चुलीला भांडे टेकायला तीन उंचवटे असतात, त्यांना थाने म्हणतात, हे मी लहानपणी आजोळी रोज पाहिले होते. पण ती थाने भांडे डुगडुगू नये म्हणून जेवढी असतात, तेवढीच जाळाला वाट मिळावी म्हणूनही असतात, हे मला तोवर कधी सुचले नव्हते. त्यांनी डब्याच्या काठाभोवती पत्र्यावर तीन खडे मांडून त्यांवर पातेले टेकवले, तेव्हा काठ आणि पातेले यांच्यात बोटभर फट राहिली. काटक्या पुन्हा पेटल्या, जाळ पातेल्याच्या बुडाला लागून कडेने वर आला, आणि थोड्याच वेळात पाण्याला आधण आले. चहा मावशींनीच केला, आले ठेचून आणि नीट उकळून. पिशवी बुडवून रंगवलेल्या गरम पाण्याला मी आजही चहा म्हणत नाही. तर श्रोतेहो, भांडे आणि डब्याचा काठ यांच्यात बोटभर फट हवी. खडे ठेवा किंवा जाड तारेचे तीन पाय वाकवून बसवा, पण फट हवी.

आता सावधगिरीचे थोडे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, म्हणजे जुनी बादली वगैरे, घेऊ नये, कारण तापल्यावर त्याची वाफ छातीला बाधते. रंगाचा डबा नको, आणि फवाऱ्याचा बंद डबा तर कधीच कापू नये, तो फुटतो. खाण्याच्या डब्यालाही आतून लेप असतो, म्हणून पहिला जाळ उघड्यावर, अन्न न शिजवता करून तो जाळून टाकावा. तंबूत ही चूल पेटवू नये, विझत आलेलीही आत घेऊ नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. राखीव वनात आग पेटवणे 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ही चूल अंगणात, शेतात किंवा परवानगीच्या जागी, वाळले गवत बाजूला सारून, सपाट दगडावरच मांडावी.

ती चूल मी मावशींकडेच ठेवून आलो. पुढच्या वर्षी गेलो, तेव्हा ती पडवीच्या बाहेर होती, आणि तिच्या पोटाला कोयत्याने दोन्ही पत्रे फोडून हातभर लांब लाकूड जाईल एवढे तोंड केलेले होते. काटक्या घालायला दर वेळी भांडे कोण उचलणार, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्वाळांचे कडे आता उमटत नव्हते, धूरही थोडा येत होता. वर तीन खडे मात्र तेच होते, आणि त्यांवर दूध तापत होते.