उष्णतेला उतार हवा

मे महिना. अमळनेर तालुक्यातलं एक गाव. पारा 45 अंशांच्या घरात. एवढी उष्णता फुकट पडलेली असताना तिच्यातून थोडी वीज का काढू नये, असं कुणालाही वाटेल. पण नुसतं तापून वीज होत नाही. उष्णता गरम बाजूकडून गार बाजूकडे वाहिली, तरच ती कामाला येते. खानदेशात ऊन भरपूर. शोधायचा असतो तो गारवा.

गावात मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या एका तरुणानं तो घरातच शोधला. माठात.

त्याच्या हातातला चार सेंटिमीटरचा पांढरा चौकोन म्हणजे पेल्टियर मॉड्यूल. आत अर्धवाहकाच्या (सेमीकंडक्टरच्या) तुकड्यांच्या 127 जोड्या. एक बाजू तापली, दुसरी गार राहिली, की तारांमध्ये व्होल्टेज येतं. जर्मन शास्त्रज्ञ सीबेकनं हा परिणाम 1821 मध्ये नोंदवला. वर काळा रंगवलेला पत्रा, खाली माठाच्या पाण्यात बुडालेला हीट सिंक, म्हणजे उष्णता पाण्यात सोडणारा धातूचा तुकडा. कोरड्या हवेत माठ पाझरतो, पाणी उडतं, गारवा टिकतो. मॉड्यूलच्या दोन बाजूंत 20 अंशांचा फरक राहिला, तर मीटर साधारण 1 व्होल्ट दाखवतो.

पांढऱ्या एलईडीला लागतात 3. मग जुन्या सीएफएलमधली फेराइटची रिंग, दोन पदरी वेटोळी, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर. ‘जूल थीफ’ नावाचं हे सर्किट व्होल्टेज चढवतं, आणि दिवा लागतो.

“काय करी ऱ्हायना रे भाऊ?” आई विचारते.

मिळणारी वीज फार तर शंभरेक मिलिवॅट. मोबाइलचा साधा चार्जर पन्नासपट देतो. त्या काळ्या पत्र्याएवढं सोलर पॅनेल दुपारी कितीतरी जास्त देईल, हे त्यालाही ठाऊक आहे. ओल्या मातीत तांबं आणि जस्त खोचूनही त्यानं दिवा लावलाय. पण तिथली वीज मातीची नव्हे, झिजणाऱ्या जस्ताची.

उन्हातून एवढीच वीज, म्हणून खरा प्रयोग संध्याकाळी, ऊन गेल्यावर. चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या की शेजारचा पत्रा उन्हापेक्षा कितीतरी जास्त तापतो. इथं सांभाळावं लागतं. या मॉड्यूलमधलं सोल्डर 138 अंशांच्या आसपास वितळतं. पत्रा जाळापासून थोडा लांब, दुसऱ्या बाजूला पाणी. फरक 60 अंशांवर गेला, तर एका मॉड्यूलमधून वॅटभर वीज मिळू शकते.

आता तो दोन मॉड्यूल सिरीजमध्ये जोडतोय. कॉम्प्युटरचा छोटा पंखा त्यावर फिरला, तर चुलीला हवा मिळेल, धूर कमी होईल आणि आईच्या हातातली फुंकणी सुटेल.