उगवत्या सूर्याच्या घराचा सातबारा

गिटार शिकणाऱ्या मुलाच्या शेजारी राहत असाल तर आज मी ऐकवणार आहे ते गाणं तुम्ही ऐकलेलंच आहे, नाव माहीत असो वा नसो. क्लास लावल्यावर थोड्याच दिवसांत सर ते देतात. कॉर्ड्स ए मायनर, सी, डी, आणि मग एफ, जिथे डावा हात हमखास अडकतो. उजव्या हाताची बोटं एकेक तार सुटी छेडत सहा मात्रांत फिरतात. शेजारी तबलजी बसवलात तर तो न विचारता दादरा धरील. आमच्या घरात एका मुलाने वर्षभर हे केलं, तेव्हा एफची वाट बघत बघत माझी आमटी कितीदा करपली ते सांगत नाही.

गाणं म्हणजे 'हाउस ऑफ द रायझिंग सन'. न्यू ऑर्लिन्समध्ये उगवत्या सूर्याच्या नावाचं एक घर आहे, तिथे कित्येकांची माती झाली, त्यातलीच मी एक, असं सांगणारं. आज जगाच्या कानात बसलेलं रूप 'द अ‍ॅनिमल्स' या इंग्लिश बँडचं. १८ मे १९६४ ला लंडनमध्ये, चक बेरी या अमेरिकी रॉक गायकाबरोबरच्या दौऱ्यातून वेळ काढून, त्यांनी ते एकाच टेकमध्ये ध्वनिमुद्रित केलं. साडेचार मिनिटांचं गाणं. त्या काळी रेडिओवर एवढा वेळ कुणी देत नसे. तरी ते आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तबकडीवर मात्र 'पारंपरिक' या शब्दासोबत पाचांपैकी एकाचंच नाव होतं, ऑर्गन वाजवणाऱ्या अ‍ॅलन प्राइसचं. लेबलावर पाच नावांना जागा नव्हती, असा खुलासा सांगतात. गिटारचा जो तुकडा आज जगभरची पोरं गिरवतात तो हिल्टन व्हॅलेंटाइनचा, पण रॉयल्टी लेबलावरच्या नावाला. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला नवीन नाही.

आता फेरफार उलटे वाचत जाऊ. व्हॅलेंटाइनच्या हाताखाली जी कॉर्ड्सची चाल होती ती बॉब डिलनच्या पहिल्या अल्बममधली, १९६२ ची. डिलनने ती उचलली न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या डेव्ह व्हॅन रॉन्क या लोकगायकाकडून. आधी ध्वनिमुद्रण केलं आणि मग परवानगी मागितली. व्हॅन रॉन्क म्हणाला, थांब, मीच लवकर करणार आहे. तोवर काम झालेलं होतं. पुढची गंमत अशी की व्हॅन रॉन्क गायला उभा राहिला की लोक म्हणायचे, डिलनचं चोरलं. त्याने गाणं सोडलं. मग अ‍ॅनिमल्सची तबकडी आली आणि लोक डिलनला म्हणू लागले, अ‍ॅनिमल्सचं चोरलं. त्यानेही सोडलं! व्हॅन रॉन्क हा किस्सा मोठ्या खुशीत सांगायचा.

आणि व्हॅन रॉन्ककडे ते कुठून आलं? हॅली वुड या टेक्सासच्या गायिकेच्या ध्वनिमुद्रणावरून. तिने घेतलं होतं अ‍ॅलन लोमॅक्सने भरलेल्या एका तबकडीवरून. इथे जरा थांबू या.

सप्टेंबर १९३७. केंटकी राज्यातलं मिडल्सबरो, कोळशाच्या खाणींचा मुलूख. बावीस वर्षांचा लोमॅक्स लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी लोकगीतं गोळा करत फिरतोय, बरोबर तबकडी कापणारं अवजड यंत्र. त्याच्यासमोर सोळा वर्षांची खाणकामगाराची पोर उभी राहते, जॉर्जिया टर्नर. वाद्य नाही, साथ नाही. ती गाते: आई शिंपीण, प्रियकर दारुडा.

हा प्रियकर लक्षात ठेवा. अ‍ॅनिमल्सच्या गाण्यात तो गायब आहे, त्याच्या जागी जुगारी बाप आलाय. आणि 'कित्येक गरीब पोरींची माती झाली' यातल्या पोरींचे पोरगे झालेत. इंग्रजीत एक शब्द बदलला की काम भागतं, कारण 'मी गेले' आणि 'मी गेलो' यांत त्यांच्याकडे फरकच नाही. मराठीत हे करायचं तर क्रियापदागणिक पकडले जाल. पण फरक केवढा पडतो! पोरगी गाते तेव्हा ते घर कुंटणखाना वाटतं, पोरगा गातो तेव्हा जुगाराचा अड्डा. फ्रान्सच्या जॉनी हॅलिडेने त्याच १९६४ साली फ्रेंचमध्ये गाताना त्या घराचा सरळ तुरुंगच केला. अर्थात पोरगा ही काही अ‍ॅनिमल्सची टूम नव्हे. १९३३ मध्ये अमेरिकी लोकगायक क्लॅरेन्स अ‍ॅशलीने ग्वेन फॉस्टरबरोबर ते ध्वनिमुद्रित केलं, तेव्हाही गाणारा पुरुषच होता, आणि अ‍ॅशली म्हणायचा की हे आपण आजोबांकडून शिकलो. डिलनने मात्र बाईच ठेवली आणि पुरुषाच्या गळ्याने गायली. आपले बुवा भजनात गवळण म्हणतात तेव्हा आपण तरी कुठे दचकतो?

ते घर खरंच होतं का, हे सगळे विचारतात. न्यू ऑर्लिन्सच्या कॉन्टी स्ट्रीटवर त्या नावाचं एक हॉटेल होतं, ते १८२२ मध्ये जळालं. तेच हे, असं सिद्ध झालेलं नाही. मला त्यात फारसा रस नाही.

बाकीच्या आवृत्त्या किती सांगू? वुडी गथ्री, लेड बेली, जोन बाएझ. नीना सिमोनला मी वरच्या पाटावर बसवीन. १९७० च्या सुमारास डेट्रॉइटच्या फ्रिजिड पिंक या बँडने गिटार इतकी किंचाळवली की घरच कोसळतंय असं वाटावं. १९८० मध्ये डॉली पार्टनने पुन्हा बाईच्या तोंडी दिलं.

जॉर्जिया पुढे मिशिगनला गेली, संसारात बुडाली. १९६९ मध्ये वारली, अठ्ठेचाळीस वर्षांची होऊन. टेड अँथनी या पत्रकाराने या गाण्याचा माग काढत पुस्तक लिहिलं. त्याच्या हिशेबाने तिच्या हाती एकूण ११७ डॉलर ५० सेंट पडले. निदान लोमॅक्सने तिचं नाव लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्याही म्हणणारीचं नाव-गाव टिपून. नाहीतर 'पारंपरिक' म्हटलं की बाई पुसली जाते आणि खाली जागा मोकळी होते, कुणाचंही नाव घालायला.

आता जॉर्जियाचंच ध्वनिमुद्रण ऐकवतो. आधी सुई घासल्यासारखी खरखर येईल, दचकू नका. गिटारची वाट बघू नका, ती नाहीये. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना?